जर्मन ग्राहक विचारतोय: समुद्रातली केबल मुद्दाम कुणी तोडली तर नाशिकचं ऑफिस कसं चालणार?

अंबडलिंक | सोमवार, सकाळी ११.०५

ऑफिस अंबडला आहे, ४५ माणसं. काम एका जर्मन कारखानदाराच्या सॉफ्टवेअरच्या देखभालीचं. सर्व्हर फ्रँकफर्टला, आम्ही इथून व्हीपीएनने (इंटरनेटमधल्या खासगी बोगद्याने) जातो. दोन लीज लाइन (भाड्याच्या स्वतंत्र इंटरनेट जोडण्या) आहेत, दोन वेगळ्या कंपन्यांच्या, प्रत्येकी १०० एमबीपीएस.

यंदाच्या ऑडिटच्या फॉर्ममध्ये एक नवं पान आलंय: "समुद्राखालच्या दळणवळण केबलना हेतुपुरस्सर इजा झाल्यास सेवा कशी सुरू ठेवाल?" त्यांना हवंय ते असं: धोका किती खरा आहे, आमच्या दोन लाइन एकमेकींपासून खरंच वेगळ्या आहेत का, दुरुस्तीला किती दिवस धरले आहेत, आणि सॅटेलाइटचा पर्याय आहे का. उत्तर शुक्रवारपर्यंत द्यायचंय. "आमच्याकडे दोन आयएसपी (इंटरनेट कंपन्या) आहेत" एवढं लिहून भागेल असं आमच्या साहेबांना वाटतं. मला शंका आहे. जाणकारांनी सांगावं.

वर्सोवा_ते_विल्होळी | सोमवार, दुपारी १.४०

ताई, भागणार नाही. पण आधी केबल म्हणजे काय ते नीट पाहू, कारण या विषयावर अफवाच जास्त फिरतात.

खोल समुद्रातली केबल असते जेमतेम १७ ते २१ मिमी जाड, म्हणजे बागेत पाणी घालायच्या नळीएवढी. मधोमध केसासारखे फायबर, त्यांच्याभोवती जेली भरलेली बारीक धातूची नळी, वर ताण सहन करायला पोलादी तारा, त्यावर तांब्याचं वेष्टन आणि सगळ्यात बाहेर पॉलिथिलीनचा थर. तांबं कशाला? तर प्रकाश ६० ते १०० किमी गेला की क्षीण होतो, म्हणून तेवढ्या अंतरावर रिपीटर बसवलेले असतात. त्यांना वीज लागते आणि ती किनाऱ्यावरूनच पाठवावी लागते: साधारण १ अँपिअरचा स्थिर डीसी प्रवाह. व्होल्टेज मात्र लांब केबलवर १० हजार व्होल्टच्या वर जातं.

किनाऱ्याजवळ याच केबलवर पोलादी तारांचं एक किंवा दोन थरांचं चिलखत चढतं, जाडी ४०-५० मिमीपर्यंत जाते, आणि नांगराच्या फाळासारख्या अवजाराने ती समुद्रतळात साधारण १ ते २ मीटर खोल पुरतात. हजार-दीड हजार मीटर खोलीच्या पुढे ती नुसती तळावर टाकलेली असते. लोकांना वाटतं खोल समुद्रातली केबल असुरक्षित, कारण तिथे पहारा नाही. प्रत्यक्षात उलटं आहे. खोलात कुणाचा नांगरही पोचत नाही, जाळंही नाही. धोका उथळ पाण्यात, साधारण २०० मीटरच्या आत.

जगभरात वर्षाला १५० ते २०० वेळा केबलना इजा होते. त्यातल्या ७० ते ८० टक्के घटना मासेमारी आणि जहाजांचे नांगर यांच्यामुळे होतात. उरलेल्यांत भूकंप, समुद्रतळावरच्या दरडी, घासून झिजणं, यंत्रातले दोष. शार्क केबल चावतात ही गोष्ट रंगवून सांगितली जाते, पण तिचा वाटा नगण्य आहे.

आपल्या बाजूची गंमत अशी की मुंबईसमोरचा समुद्र फार लांबपर्यंत उथळ आहे. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरचा खंडमंच, म्हणजे किनाऱ्यालगतचा उथळ समुद्रतळ, मुंबईच्या बाजूला सगळ्यात रुंद, तीनशे किमीच्या आसपास. म्हणजे वर्सोव्याहून निघालेली केबल खोल पाण्यात उतरेपर्यंत शेकडो किमी ट्रॉलरच्या आणि नांगरांच्या टप्प्यात असते. त्यात मुंबई हायचे प्लॅटफॉर्म, तेलवायूच्या पाइपलाइन, जेएनपीटीला येणारी-जाणारी जहाजं. एवढ्या गर्दीतून तिला वाट काढावी लागते. मुंबईत उतरणाऱ्या बऱ्याच केबल एकट्या वर्सोव्याच्या किनाऱ्यावर येतात. ट्रायने (दूरसंचार नियामकाने) २०२३ मध्ये या विषयावर शिफारशी दिल्या, त्यात आकडा आहे: देशात १७ आंतरराष्ट्रीय केबल, १४ लँडिंग स्टेशन (केबल जमिनीवर येते ती ठाणी), आणि तीही मुंबई, चेन्नई, कोची, तुतिकोरिन, तिरुवनंतपुरम या पाचच शहरांत. २०२२ अखेरची प्रकाशित (वापरासाठी सज्ज) क्षमता सेकंदाला १३८ टेराबिटच्या वर होती. हा आकडा लक्षात ठेवा, सॅटेलाइटच्या प्रश्नाला लागेल.

आता तुटणं. फायबर पूर्ण तुटलं तर त्या जोडीवरचा ट्रॅफिक गेला. पण कित्येकदा फक्त वरचं पॉलिथिलीन फाटतं आणि तांबं समुद्राच्या पाण्याला लागतं. याला शंट फॉल्ट म्हणतात. अशा वेळी दोन्ही टोकांकडून वीज पुन्हा जुळवून देतात, फाटलेल्या जागी प्रवाह समुद्रात उतरतो आणि केबल चालूच राहते. वापरणाऱ्याला कळतही नाही. म्हणून "अमुक केबलला इजा" ही बातमी आली की ती पूर्ण बंदच पडली असं धरू नये.

दुरुस्तीचं गणित. आधी जागा शोधायची. पहिल्या रिपीटरपर्यंत ओटीडीआरने (परतलेल्या प्रकाशावरून अंतर काढणाऱ्या यंत्राने) कळतं, त्यापुढे रिपीटरमधल्या परतीच्या वाटा वापरून सीओटीडीआर, म्हणजे त्याचाच लांब पल्ल्याचा प्रकार. शिवाय विजेच्या बाजूने व्होल्टेज मोजतात: तांब्याचा रोध किमीला साधारण १ ओहमच्या आसपास असतो, त्यावरून अंतर काढतात. मग जहाज निघतं. केबल तुटलेली असो वा अर्धवट, उथळ नसेल तर तळावर ग्रॅपनेल (आकड्यांचा गळ) ओढून ती सरळ कापतात, एक टोक वर घेतात, तपासतात, बंद करून बॉयला बांधून सोडतात. मग दुसरं टोक. मधे नवा तुकडा जोडायचा, आणि तो पाण्याच्या खोलीपेक्षा बराच लांब लागतो, कारण दोन्ही टोकं वर जहाजापर्यंत यायला हवीत. प्रत्येक जोडाला फायबर वितळवून जुळवणं, वर पॉलिथिलीन ओतणं, एक्स-रेने बुडबुडा तपासणं, यात जवळजवळ दिवस जातो. समुद्र खवळलेला असेल तर जोड करता येत नाही. जून ते सप्टेंबर अरबी समुद्रात काय असतं ते सांगायला नको.

म्हणजे हवा साथ देत असेल तर प्रत्यक्ष काम थोड्या दिवसांचं. वेळ खातात तीन गोष्टी: जहाज कुठे आहे, त्याच केबलचा सुटा तुकडा कुठल्या डेपोत आहे, आणि परवाने. जगात केबल जहाजं सगळी मिळून साठेक, त्यांतली बरीच नवीन केबल टाकण्यात गुंतलेली. भारताचा झेंडा लावलेलं दुरुस्ती जहाज असावं ही चर्चा ट्रायच्या त्याच शिफारशींत आहे.

राउटरराव | सोमवार, संध्याकाळी ६.१५

वरचा प्रतिसाद झकास. मी नाशिकच्या टोकाकडून येतो, कारण ताईंच्या फॉर्मचं खरं उत्तर समुद्रात नाही, कसारा घाटात आहे.

दोन आयएसपी म्हणजे दोन बिलं. दोन वाटा असतीलच असं नाही. नाशिकहून मुंबईकडे जाणारं बहुतेक फायबर एक तर महामार्गाच्या कडेने जातं किंवा रेल्वेच्या कडेने, आणि दोन्ही वाटा कसाऱ्याच्याच घाटातून उतरतात. शिवाय एक कंपनी दुसरीचं डार्क फायबर (न वापरलेलं, रिकामं फायबर) भाड्याने घेते हे सर्रास चालतं. दोघांचे लोगो वेगळे, काच एकच. शहरातही तेच: एमआयडीसीत दोघांचे फायबर एकाच खांबावरून आले तर एक जेसीबी पुरे. सिंहस्थाची रस्त्यांची कामं निघाली की याचा प्रत्यय सगळ्या नाशिकला येणार आहे.

तेव्हा दोन्ही कंपन्यांकडे लेखी मागा, फोनवर नको. ऑफिसपासून मुंबईच्या पॉपपर्यंतच्या (कंपनीच्या जोडणी केंद्रापर्यंतच्या) फायबरच्या वाटेची केएमझेड (नकाशाची) फाइल मागा. ती दोन्हींची घेऊन गूगल अर्थवर एकावर एक टाका. दोन रेघा कुठे एकत्र चालतात ते पाच मिनिटांत दिसेल. लिंक "प्रोटेक्टेड" आहे की "अनप्रोटेक्टेड" ते विचारा. प्रोटेक्टेड असेल तर दुसरी वाट कुठली: पुण्यावरून का? सिन्नर-संगमनेर-पुणे मार्गे गेलेली लाइन मुंबईत उतरते ती बोर घाटातून, म्हणजे घाट तरी वेगळा. आणि मुख्य प्रश्न: युरोपकडचा ट्रॅफिक कुठल्या लँडिंग स्टेशनवरून आणि कुठल्या केबलवरून जातो, आणि ती बंद पडल्यास पुढची पसंती कुठली. विक्री विभागाला हे माहीत नसतं, नेटवर्क ऑपरेशन सेंटरकडून लिहून आणायला सांगा. "आमचं नेटवर्क पूर्णपणे सुरक्षित आहे" असं उत्तर आलं तर ते उत्तर नव्हे.

स्वतः काय मोजायचं ते. प्रत्येक लाइनवरून वेगळं, फ्रँकफर्टच्या तुमच्याच सर्व्हरकडे एमटीआर (वाटेतला प्रत्येक राउटर आणि त्याला लागलेला वेळ दाखवणारा प्रोग्रॅम) चालवा, शंभर पॅकेट, दिवसातून तीनदा, आठवडाभर. फाइल जपून ठेवा. ही तुमची नेहमीची नाडी. मधल्या राउटरच्या नावांत शहरांची तीन अक्षरं लपलेली असतात: एमआरएस म्हणजे मार्सेय, एसआयएन सिंगापूर, एफआरए फ्रँकफर्ट. वेळेवरूनही कळतं. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किमी जातो, म्हणजे दर हजार किमीला जाऊन-येऊन १० मिलिसेकंद. मुंबईहून लाल समुद्रातून मार्सेय गाठून फ्रँकफर्टला पोचायला नेहमी १२०-१३० मिलिसेकंद लागतात. आफ्रिकेला केपवरून वळसा घेतला तर २५० च्या घरात. सिंगापूर, पॅसिफिक, अमेरिका, अटलांटिक असं उलट्या दिशेने गेलं तर ३० हजार किमीच्या वर, म्हणजे ३०० च्या पुढे. आकडा १२० वरून अचानक ३०० झाला तर केबल "बंद" नाही, पृथ्वीची दुसरी बाजू वापरात आलीय.

आणि नेमकं इथेच बहुतेकांची योजना फसते. लिंक चालू आहे, पिंग जातोय, लाल दिवा लागत नाही, पण काम होत नाही. टीसीपीची खिडकी (पोच यायच्या आत पाठवता येतो तेवढा डेटा) ६४ केबी असेल तर एका जोडणीवर १२० मिलिसेकंदाला ४.४ एमबीपीएस मिळतात, ३०० ला १.७५. लाइन १०० ची असून उपयोग नाही. १०० एमबीपीएस ३०० मिलिसेकंदावर भरून काढायचे तर पावणेचार एमबीची खिडकी लागते. तेव्हा विंडो स्केलिंग (खिडकी मोठी करायची सोय) चालू आहे का आणि मधला एखादा जुना फायरवॉल ते काढून टाकतोय का ते बघा. दुसरं, डेटाबेस. एखादी स्क्रीन उघडताना दोनशे छोट्या क्वेरी एकामागोमाग जात असतील तर १२० मिलिसेकंदाला २४ सेकंद, ३०० ला पूर्ण मिनिट. माणूस वैतागून पुन्हा बटण दाबतो आणि लोड दुप्पट होतो. त्यावर तुटलेल्या केबलचा ट्रॅफिक उरलेल्यांवर आल्यामुळे पॅकेट गळायला लागतात, ते वेगळंच.

हे आत्ताच करून बघता येतं. गेटवेवर लिनक्स असेल तर टीसी नेटेमने (नेटवर्क मुद्दाम बिघडवून बघायच्या सोयीने) १८० मिलिसेकंद विलंब आणि १ टक्का गळती घाला आणि शनिवारी अर्धा दिवस चार माणसांना खरं काम करायला बसवा. काय मोडतं त्याची यादी करा: आयपीसेकचा डीपीडी टाइमआउट (व्हीपीएनने समोरचं टोक मेलं असं धरणं), एसएसएचची (दूरच्या सर्व्हरवर काम करायच्या जोडणीची) न बोलता तुटणारी सेशन, रात्रीचं सिंक सकाळपर्यंत न संपणं. ही यादी फॉर्मला जोडली तर जर्मन माणूस खूश होईल. त्यांना बढाईपेक्षा मोजमाप आवडतं.

सिडकोकर | सोमवार, रात्री ९.३०

मध्येच एक बाळबोध प्रश्न. सगळ्या केबल गेल्या तर यूपीआय पण बंद का? लासलगावला लिलाव झाल्यावर पैसे अडकतील?

राउटरराव | सोमवार, रात्री ९.५५

नाही. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०१८ च्या परिपत्रकापासून पेमेंटची माहिती देशातच ठेवावी लागते, बँका आणि एनपीसीआय (यूपीआय चालवणारी संस्था) देशात, मधली वाट जमिनीवरची. व्हिडिओच्या मोठ्या साइटही इथल्या कॅशमधून येतात. अडतं ते परदेशातल्या सर्व्हरवर जाणारं काम. कांद्यापेक्षा द्राक्षवाल्याला जास्त त्रास: रॉटरडॅमच्या खरेदीदाराची वेबसाइट रेंगाळेल. तसं पाहिलं तर त्याचा कंटेनर आणि त्याचा ईमेल लाल समुद्राच्या तोंडाशी असलेल्या एकाच बाब-अल-मंडेबमधून जातात. २०२४ च्या हंगामात कंटेनर केपला वळसा घालून गेले, ईमेलवर मात्र तेवढी वेळ आली नाही.

दीपस्तंभ | मंगळवार, सकाळी ८.२०

फॉर्ममधला शब्द "हेतुपुरस्सर" आहे, त्यावर कुणी बोललं नाही. ७०-८० टक्के अपघात असतात हे बरोबर, पण त्यावरून "घातपाताची भीती फुगवलेली आहे" असा निष्कर्ष काढू नये. अपघात एकेकटे येतात. एक ट्रॉलर, एक केबल. कंपन्यांची राखीव क्षमता त्याच हिशेबाने ठेवलेली असते: एक गेली तरी बाकीच्या ओझं उचलतील. मुद्दाम करणारा एकावर थांबेलच असं नाही, आणि जागा निवडेल ती जिथे अनेक केबल एकत्र येतात आणि दुरुस्ती अवघड आहे. टक्केवारी शांततेच्या काळाची आहे. ग्राहक अशांततेबद्दल विचारतोय.

तीन-चार घटना शेजारी शेजारी ठेवून बघा.

३० जानेवारी २००८. अलेक्झांड्रियाजवळ सी-मी-वी-४ आणि फ्लॅग या केबल एकाच दिवशी गेल्या. भारताची निम्म्याच्या आसपास बँडविड्थ गेल्याच्या बातम्या होत्या. दोनच दिवसांनी आखातात फाल्कन ही तिसरी केबल तुटली. लगेच कटाच्या कहाण्या. फाल्कनच्या जागी सापडला पाच टनांहून जड असा बेवारस नांगर.

मार्च २०१३. त्याच अलेक्झांड्रियासमोर इजिप्तच्या नौदलाने पाण्यात बुडी मारणाऱ्या तिघांना होडीसकट पकडलं. आरोप सी-मी-वी-४ कापल्याचा. उथळ पाण्यात साधी माणसंही हे करू शकतात, पाणबुडी लागत नाही, हा त्याचा अर्थ.

फेब्रुवारी २०२४. येमेनच्या हूती बंडखोरांच्या क्षेपणास्त्राने जखमी झालेलं रुबीमार हे जहाज नांगर टाकून सोडून दिलं गेलं, ते नांगर ओढत वाहत गेलं, आणि लाल समुद्रात एएई-१, ईआयजी आणि सीकॉम या तीन केबल गेल्या. आता याला अपघात म्हणायचं की युद्ध? केबलवर कुणी नेम धरला नव्हता. पण दुरुस्तीला महिने गेले, कारण येमेनच्या पाण्यात जहाज आणायचं तर परवानगी कुणाची घ्यायची हाच वाद, आणि विमा कोण देणार हा दुसरा. त्याच समुद्रात सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ सी-मी-वी-४ आणि आयएमईडब्ल्यूई या दोन केबल गेल्या आणि भारतापर्यंत वेग मंदावला. तेव्हाही व्यापारी जहाजाच्या नांगराकडेच बोट दाखवलं गेलं.

२५ डिसेंबर २०२४, फिनलंडचं आखात. ईगल एस हे तेलवाहू जहाज नांगर फरफटत गेलं, एस्टलिंक-२ ही वीजवाहिनी आणि चार दूरसंचार केबल तुटल्या. फिनलंडने जहाज ताब्यात घेतलं, अधिकाऱ्यांवर खटला भरला. ऑक्टोबर २०२५ मध्ये हेलसिंकीच्या न्यायालयाने अधिकारक्षेत्र नाही म्हणून तो काढून टाकला, कारण घटना प्रादेशिक समुद्राच्या बाहेर घडली होती.

ही गोष्ट नीट समजून घ्या. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत देशाचा कायदा पूर्ण चालतो. त्यापुढे, २०० मैलांपर्यंतच्या आर्थिक क्षेत्रात, माशांवर आणि तेलावर हक्क आहे, पण केबल तोडणाऱ्या परदेशी जहाजाला शिक्षा करायची ती मुख्यतः ज्याचा झेंडा त्या देशाने. १९८२ च्या समुद्र कायद्याच्या करारातलं ११३ वं कलम हेच सांगतं, आणि त्याची मुळं १८८४ च्या तारकेबलांच्या करारात आहेत. स्वस्तात झेंडा विकणाऱ्या देशांना खटला चालवण्यात किती रस असेल ते तुम्हीच ठरवा. त्यात नांगर हे असं हत्यार की त्याला दरवेळी "वादळात साखळी सुटली" हे उत्तर तयार असतं. २०२३ मध्ये बाल्टिककनेक्टर वायुवाहिनी तुटली, तिच्याजवळ नांगर सापडला, हाँगकाँगचा झेंडा असलेलं जहाजही ठरलं, आणि चीनने दहा महिन्यांनी वादळामुळे झालेला अपघात असं मान्य केलं. पुरावा एकच, अर्थ दोन.

युद्धात केबल कापणं मात्र जुनंच आहे. ५ ऑगस्ट १९१४ ला, युद्ध पुकारल्यानंतर काही तासांत, ब्रिटिशांनी जर्मनीच्या केबल कापल्या. आता जर्मन कंपनी हाच प्रश्न फॉर्ममध्ये विचारतेय.

दुरुस्तीला किती दिवस धरायचे? एक आकडा देऊ नका. बाल्टिकमधली सी-लायन-१ नोव्हेंबर २०२४ मध्ये १८ तारखेला तुटली आणि २८ ला जोडली: उथळ पाणी, जहाज जवळ, परवान्याची कटकट नाही. २००६ च्या तैवानजवळच्या भूकंपात नऊ केबल गेल्या, अकरा जहाजांना ४९ दिवस लागले. टोंगाला २०२२ च्या ज्वालामुखीनंतर पाच आठवडे. लाल समुद्रात महिने. फॉर्मात तीन ओळी लिहा: एकच केबल आणि शांत पाणी असेल तर दोन ते तीन आठवडे; अनेक केबल एकदम गेल्या तर दोन महिने; संघर्षाचं क्षेत्र असेल तर मुदत सांगता येत नाही, पर्यायी वाटेवरच काम चालवू.

सॅटेलाइटबद्दल थोडक्यात. भूस्थिर उपग्रह ३६ हजार किमीवर, जाऊन-येऊन कमीत कमी ४८० मिलिसेकंद, प्रत्यक्षात सहाशे. खालच्या कक्षेतल्या उपग्रहांचा विलंब कमी, पण भारतातल्या परवान्याच्या अटींनुसार इथल्या ग्राहकाचा ट्रॅफिक भारतातल्याच गेटवेवर उतरवावा लागतो. तिथून पुढे फ्रँकफर्टला जायला पुन्हा तीच समुद्रातली केबल. म्हणजे सॅटेलाइट तुम्हाला कसारा घाटापासून वाचवेल, लाल समुद्रापासून नाही. आणि १३८ टेराबिट आकाशातून नेणं ही कल्पनाच सोडा.

वर्सोवा_ते_विल्होळी | मंगळवार, सकाळी १०.१०

दीपस्तंभ, मुद्दा मान्य, एक भर. जमिनीवरचं टोक विसरू नका. समुद्रातून केबल किनाऱ्यावरच्या मॅनहोलमध्ये येते, तिथून लँडिंग स्टेशन, तिथून डेटा सेंटर. हा भाग सगळ्यात हाताशी असलेला. फ्रान्समध्ये एप्रिल २०२२ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२४ मध्ये, ऑलिंपिक चालू असताना, अनेक ठिकाणी एकाच रात्री जमिनीवरचं लांब पल्ल्याचं फायबर कापलं गेलं. समुद्राची गरजच पडली नाही. म्हणून आयएसपीला लँडिंग स्टेशन विचारताना दोन वाटा दोन वेगळ्या स्टेशनवर जातात का ते विचारा, नुसत्या दोन केबल पुरत नाहीत. शक्य असेल तर एक मुंबई, एक चेन्नई. चेन्नईची वाट सिंगापूरकडून लांबची पडेल, पण ती लाल समुद्रातून जाणारी नसावी हे लिहून घ्या. सी-मी-वी-४ चेन्नईतही आहे आणि लाल समुद्रातही, तेव्हा शहराचं नाव वेगळं म्हणून फसू नका.

अंबडलिंक | गुरुवार, दुपारी ४.३०

सगळ्यांचे आभार. दोन दिवसांत जमलं ते मांडते.

केएमझेड एकाकडून आली, दुसऱ्याने "गोपनीय" म्हणून नुसता नकाशाचा फोटो दिला. तरी दिसतंय: दोन्ही लाइन विल्होळीपासून पुढे एकाच बाजूने. एमटीआरमध्ये मुंबईनंतरचे तीन राउटर दोन्हीकडे त्याच कंपनीचे, मग मार्सेय. १२४ आणि १२७ मिलिसेकंद. म्हणजे दोन बिलं, एक वाट.

फॉर्मचा मसुदा असा: धोका खरा आहे, बहुतेक घटना अपघाताच्या पण एकदम अनेक केबल जाण्याची शक्यता धरली आहे. एक लाइन बदलून पुणे मार्गे आणि चेन्नईहून सिंगापूरकडे जाणारी घेणार, तीन महिन्यांत. तोवर ३०० मिलिसेकंदावर काम चालेल अशी तयारी: गिट (कोडचा साठा) आणि पॅकेजचा आरसा (प्रत) नाशिकच्या सर्व्हरवर, डेटाबेसचं जड काम फ्रँकफर्टच्याच व्हर्च्युअल मशीनवर, बैठका गरज पडली तर नुसत्या आवाजावर. सेवा पूर्ववत होण्याची हमी: ४ तास. दुरुस्तीचे दिवस दीपस्तंभ यांनी दिले तसे तीन ओळींत.

चुकतंय का काही?

राउटरराव | गुरुवार, संध्याकाळी ५.०५

"४ तास" खोडा. चार तासांत तुमचा ट्रॅफिक दुसऱ्या लाइनवर वळेल, हे तुमच्या हातात आहे आणि बीजीपी (वाटा आपोआप बदलणारी पद्धत) नीट लावलं तर मिनिटांत होईल. "सेवा पूर्ववत" म्हणजे १२५ मिलिसेकंद, आणि ते केबल जहाजाच्या हातात. दोन वेगळे आकडे लिहा: वळवायला ३० मिनिटं, तोवर आणि त्यानंतरही ३५० मिलिसेकंद, २ टक्के गळती या मर्यादेत कुठली कामं चालतील आणि कुठली थांबतील त्यांची यादी. नाहीतर उद्या दंडाची अट तुमच्या गळ्यात.

आवाजाचं बरोबर. आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या) शिफारशीत एका दिशेला १५० मिलिसेकंदापर्यंत बोलणं नैसर्गिक, ४०० ही वरची मर्यादा. ३५० जाऊन-येऊन म्हणजे एका दिशेला १७५, चालून जाईल, फक्त एकमेकांच्या बोलण्यावर बोलणं वाढेल.

नेटेमची चाचणी केली का? ती केल्याशिवाय यादी लिहू नका.

अंबडलिंक | गुरुवार, संध्याकाळी ५.२०

शनिवारी ठेवलीय. ग्राहकाकडून सोमवारपर्यंत मुदत वाढवून घेतली.

वर्सोवा_ते_विल्होळी | गुरुवार, संध्याकाळी ५.४५

चाचणीत १८० मिलिसेकंद फक्त जाणाऱ्या दिशेला टाकाल तर बेरीज ३०० होईल. दोन्ही इंटरफेसवर १८० टाकलं तर ४८० होईल आणि सगळं मोडलेलं दिसेल. ९० आणि ९० असं वाटून टाका. आणि नेटेम काढायची आज्ञा आधीच कागदावर लिहून ठेवा, कारण त्याच लाइनवरून रिमोटने काढायला गेलात तर ती आज्ञाही उशिराच पोचेल.